सगळे पंखे बाहेर

१

लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात. काशीनाथ सर उठून प्रोसेसरचं तापमान बघत.

परभणी आणि आसपास अशी आठ-दहा माणसं होती आणि त्यांचा एक ग्रुप होता. सगळे स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडणारे. तयार मशीन विकत घेणाऱ्याकडे ही मंडळी अशी बघत, जशी सुगरण खानावळीत जेवणाऱ्याकडे बघते. ग्रुपवर नवा माणूस आला की त्यानं आधी आपल्या मशीनची कुंडली मांडायची: प्रोसेसर किती कोरचा, रॅम केवढी, ग्राफिक कार्ड कोणतं, कॅबिनेट कसली, पंखे किती आणि ते कोणत्या दिशेनं. मग बाकीचे गुण जुळवायला बसत. छत्तीस गुण आजवर कुणाचे जुळले नव्हते. "पॉवर सप्लाय कमी पडंल," असं कुणीतरी म्हणायचंच. लग्नात वरण पातळ झालं म्हणणारा एक असतो, तसा.

एवढ्या ताकदीच्या मशीनवर तुम्ही करता तरी काय, असं सरांच्या बायकोनं, विमलबाईंनी, एकदा विचारलं होतं. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, त्यामुळे उत्तर न देता पाऊण तास बोलणं त्यांना जमत असे. खरं उत्तर एवढंच होतं की ते त्या मशीनवर त्याच मशीनचं तापमान बघत.

मे महिना लागला की ग्रुपवर दुसरा विषय नसे. चुडाव्याला ऑनलाइन फॉर्म भरून देणारा सिद्धोधन कॅबिनेटची बाजू काढून समोर कूलर लावी आणि संध्याकाळी आतली धूळ झाडून काढी. पण कितीही उपाय केले तरी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. खोली जेवढी गरम, त्याच्या खाली मशीन उतरत नाही. हा नियम आहे आणि तो मराठवाड्यालाही लागू आहे.

म्हणून झरीच्या शिवाप्पानं टाकलेला फोटो बघून सगळे हसले. खोली त्रेचाळीस अंश. मशीन सव्वीस.

"अप्पा, मशीन फ्रिजमधी ठेवली का?" सिद्धोधननं विचारलं.

सरांनी चार परिच्छेदांत नियम समजावून सांगितला. वर मथळाही दिला. त्यावर शिवाप्पाचं उत्तर आलं: "सर, तुमचं खरं हाय. पण इथं गार हाय. येऊन बघा."

एरवी सर गेले नसते. पण दोन उन्हाळ्यांमागे विमलबाईंना ऊन लागलं होतं. त्यातून त्या उठल्या, पण डावा पाय थोडा ओढत चालू लागल्या. पुन्हा असं झालं तर माझ्याकडे आणू नका, सरळ देवाकडे न्या, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टर विनोदी नव्हते. घरात एसी होता, पण दुपारी गल्लीतलं व्होल्टेज असं पडे की तो नुसता गुरगुरत बसे. त्या दिवशीही विमलबाई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि बोलत नव्हत्या. न बोलणाऱ्या विमलबाई सरांना बघवत नसत.

२

शिवाप्पाचं झरीत खता-बियाण्याचं दुकान होतं. दुकानामागं घर, घरावर पत्रे. सर एसटीतून उतरून पोचले तेव्हा सावल्या पायाखाली जाऊन बसल्या होत्या आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शिवाप्पा पन्नाशीचा, कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग. "या सर," म्हणत त्यानं आतल्या खोलीचा पडदा उचलला.

आत त्याची बायको चन्नबसम्मा तूर निवडत बसली होती. अंगावर शाल होती.

सर उंबऱ्यातच थांबले. परभणी जिल्हा, मे महिना, भर दुपार, पत्र्याची खोली आणि शाल. चमत्कार त्यांनी बरेच ऐकले होते. पण त्यातल्या एकातही कुणी शाल पांघरलेली नव्हती.

कॅबिनेट एका स्टुलावर होती. काळी, उंच, एका बाजूला काच. आतले रंगीत दिवे दिसावेत म्हणून अशी काच घेतात. इथं काचेवर बाहेरून दव धरलं होतं आणि त्याचे ओघळ खाली येत होते.

सरांनी पुढच्या जाळीसमोर हात धरला. गार हवा बाहेर येत होती. मागं धरला, बाहेर. वरच्या जाळीवर धरला, तिथंही बाहेर. त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. त्यांनी देव्हाऱ्यातली उदबत्ती मागून घेतली आणि तिचा धूर प्रत्येक फटीसमोर नेला. खालून, कोपऱ्यातून, वायर आत जातात त्या भोकापाशी. सगळीकडून धूर मागं ढकलला जात होता. एका ठिकाणीही तो आत जाईना.

"अप्पा, तुम्ही पंखे उलटे बसवलेत."

"व्हय. सहाच्या सहा बाहीर फेकणारे. बाणाची खूण दिसली न्हाई, चुकीनंच बसले."

"मग हवा आत येते कुठून?"

दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखं शिवाप्पानं दाराकडे बघितलं. गिऱ्हाईक नव्हतं.

त्या हवेला वास होता. उन्हाळ्यात आडाच्या तोंडाशी वाकलं की येतो तसा, ओल्या दगडाचा. सरांनी काच पुसायला रुमाल काढला. शिवाप्पानं त्यांचं मनगट धरलं. धरलं हळूच, पण सोडलं नाही.

"पुसू नका सर."

"का?"

"आत लय खोल दिसतंय."

सर हसले. बाकी कुणी हसलं नाही, म्हणून ते अर्ध्यात थांबले.

"घेऊन जा तुमी," शिवाप्पा म्हणाला. "वैनीला बरं वाटंल. आमाला आता थंडी वाजायली."

"फक्त पंखे हायेत तसेच ठेवा," चन्नबसम्मा सुपातून डोकं वर न काढता म्हणाली. "ह्यांनी एकदा एक सुलटा केला व्हता. मंग पुन्ना जसा व्हता तसा बसवला."

"काय झालं होतं?"

तिनं एक खडा शोधला, बाजूला टाकला. "घर रिकामं वाटायलं," ती म्हणाली. "आमी दोघं घरातच व्हतो."

३

"आणलं का अजून एक लेकरू?" विमलबाई म्हणाल्या. घरात आधीच कॉम्प्युटरच्या दोन पेट्या होत्या.

सरांनी कॅबिनेट मधल्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी ठेवली आणि चालू केली. थोड्या वेळानं विमलबाईंनी डोक्यावरचा टॉवेल काढला. मग उशी सरळ केली. मग त्या झोपल्या, आणि घोरू लागल्या.

त्यांचं घोरणं हा या संसारातला जुना विषय होता. पूर्णेहून सुटलेली मालगाडी असं सर त्याला म्हणत. तुम्ही फाटक बंद करून बसा, असं विमलबाई म्हणत. ऊन लागल्यापासून दुपारी ही गाडी धावली नव्हती. सर खुर्चीत बसून ती कितीतरी वेळ ऐकत राहिले. वर्गातसुद्धा त्यांनी कुणाचं एवढं ऐकलं नव्हतं.

आठवडा असा गेला. बाहेर डांबर पाघळत होतं आणि विमलबाई चादर पांघरत होत्या. चेहऱ्यावर रंग आला, जिभेला धार आली. काचेवरून ठिबकणारं पाणी त्या वाटीत धरून तुळशीला घालत.

"आमच्या माहेरी, चुडाव्याच्या आडावर असाच वास यायचा," त्या एकदा म्हणाल्या. "आड असून पायऱ्या होत्या त्याला. आम्हाला खाली जाऊ द्यायचे नाहीत. वरूनच बघायचो. भीती वाटायची, तरी बघावं वाटायचं."

दिवसभर पंख्यांची घुमघुम चाले. सरांच्या एक गोष्ट लक्षात आली होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. त्या आवाजामागं खोल पोकळी होती. घरातला पंखा घरात वाजतो. हे पंखे देवळाच्या गाभाऱ्यात वाजावेत तसे वाजत.

सर नास्तिक नव्हते, पण कारण विचारल्याशिवाय हात जोडत नसत. त्या आठवड्यात त्यांचे हात दोनदा आपोआप जोडले गेले. दोन्ही वेळा त्यांनी ते खिशात घातले.

४

घोळ ग्रुपवर झाला. सरांनी मशीनची कुंडली मांडली. सहा कोरचा प्रोसेसर, बत्तीसची रॅम, काचेची कॅबिनेट, तापमान सव्वीस. खाली लगेच विचारणा आली: पंखे कोणीकडून कोणीकडे?

सरांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी लिहिलं, सगळे बाहेर.

त्यानंतर जे झालं ते एखाद्या प्राध्यापकाच्या वाट्याला येऊ नये. "सर, तुमी शर्ट बी आतली बाजू बाहीर करून घालायलाव का?" असं सिद्धोधननं विचारलं, आणि हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. पुढून आत, मागून बाहेर: ही या मंडळींची मुळाक्षरं. पंखे उलटे असलेलं मशीन चालवणं एकवेळ माफ होतं. उलटे आहेत हे कळून चालवणं नव्हतं.

एकच फिरवून बघू, असं सरांनी ठरवलं. पुढचा. पाच बाहेर फेकतच राहतील, गारवा कुठं जात नाही. शिवाप्पानंही फिरवला होता आणि तो धडधाकट होता. घर रिकामं वाटणं ही काही मोजता येणारी राशी नव्हे.

दुपारी विमलबाई झोपल्यावर त्यांनी मशीन बंद केलं आणि पुढची जाळी काढली. पंखा चार स्क्रूंवर होता. तीन हातात आले. चौथा बोटातून निसटला आणि आत पडला.

ज्यानं कधी कॉम्प्युटर जोडला आहे त्याला हा क्षण माहीत असतो. स्क्रू आत पडला की माणूस श्वास रोखून ऐकतो, कारण टण् आवाज कुठं झाला त्यावरून तो कुठं गेला ते कळतं. सरांनीही श्वास रोखला.

आवाज आला नाही.

त्यांनी मान तिरकी केली. अडकला असेल. कॅबिनेट हलवून बघितली. काही खुळखुळलं नाही. ते उठले, उरलेल्या तीन स्क्रूंवर पंखा सुलटा बसवला, जाळी लावली, हात पुसले, माठातून तांब्याभर पाणी घेतलं. तांब्या तोंडाला लावला आणि तेव्हा कॅबिनेटमधून, फार खालून, आवाज आला.

टुप्.

पाण्यात पडल्याचा. मागोमाग त्याचा घुमारा वर आला, भिंतींना आपटत, सावकाश.

आडाची खोली दगड टाकून कशी काढायची, हे सरांनी पस्तीस वर्षं फळ्यावर शिकवलं होतं. हिशेब त्यांच्या मनात आपोआप सुरू झाला. उत्तर यायच्या आत त्यांनी तो पुसून टाकला. मात्र जेवढं दिसलं होतं तेवढ्यानंच त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि पायातल्या चपला काढल्या. का काढल्या, हे त्यांना सांगता आलं नसतं.

मग त्यांनी मशीन चालू केलं. इथं ते चुकले. पण पस्तीस वर्षांची सवय होती. प्रयोग मांडला की तो पुरा करायचा.

५

स्क्रीनवरचा आकडा चढू लागला. तीस. छत्तीस. खोलीच्या वर जाऊन तो थांबला, जसा थांबायला हवा. नियम जागेवर आला होता. सरांना बरं वाटलं, आणि हे बरं वाटणं त्यांना पुढं आयुष्यभर आठवणार होतं.

आधी घड्याळ गेलं. म्हणजे काटा हलत होता, पण टिकटिक बारीक होत होत मिटली. मग शेजारच्या कुकरची शिट्टी सुरू झाली आणि अर्ध्यात वाकली, कुणी दोरा ओढून घ्यावा तशी. खिडकीचा पडदा आतल्या बाजूला कलला. देव्हाऱ्यासमोरची उदबत्तीची राख फरशीवरून सरकत, घाई न करता, कॅबिनेटकडे निघाली.

सरांनी मागच्या जाळीवर हात धरला. तिथले पंखे बाहेर फेकणारे होते. तरी हवा तिथूनही आतच जात होती. वरूनही.

त्यांनी पलंगाकडे बघितलं. विमलबाई पाठीवर झोपल्या होत्या. तोंड उघडं होतं, छाती वरखाली होत होती. त्यांचे मोकळे केस उशीवरून पायथ्याकडे वळले होते, सगळे एका दिशेनं. आणि त्या घोरत नव्हत्या. नीट बघितल्यावर कळलं की त्या घोरत होत्या, आवाज तेवढा इथं नव्हता.

"विमल," सर म्हणाले. ओठ हलले. शब्द त्यांच्या कानापर्यंत आला नाही. तो समोरच्या जाळीत गेला.

त्यांनी धावत जाऊन प्लग उपटला. दिवे विझले, स्क्रीन काळी झाली. पंखे फिरत राहिले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पंखे वारा ओढत नव्हते. वारा पंखे फिरवत होता.

असं असेल तर एक पंखा पुन्हा उलटा करून काही उपयोग नाही, हे त्यांना तत्क्षणी कळलं. शास्त्र अगदी स्पष्ट होतं. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा शास्त्राला गप्प बस म्हटलं आणि ते गुडघ्यांवर बसले. पण जाळीवर राख बसली होती, स्क्रू सापडेना. आतलं दिसेल म्हणून त्यांनी शर्टाच्या बाहीनं काच पुसली.

बोर्ड नव्हता. वायर नव्हत्या. काळ्या दगडाच्या पायऱ्या होत्या, रुंद, झिजलेल्या, ओल्या. आणि त्या खाली जात होत्या. नजर जिथवर गेली तिथवर गेल्या आणि नजर थकल्यावरही जातच होत्या. एवढी मोठी जागा सरांनी कधी बघितली नव्हती. आभाळ मोठं असतं, पण त्याला कुणी बांधलेलं नसतं. ही बांधलेली होती. तळाशी कुठंतरी उजेड हलत होता, पाण्यावर हलतो तसा.

सरांना भीती वाटायला हवी होती. त्यांना वाटलं ते वेगळंच. लहानपणी देवळात खांद्यावर बसवून कुणी पिंड दाखवावी, तसं काहीतरी. ते तिथंच बसून राहिले असते.

पण वरच्या पायरीवर ओली पावलं होती. खाली गेलेली. उजवं पाऊल स्वच्छ उमटलं होतं. डावं ओढलेलं होतं.

६

स्क्रू त्यांनी काढले नाहीत, जाळीसकट पंखाच हिसकला. तिन्ही स्क्रू कुठं उडाले ते कळलं नाही. पंखा उलटा करून त्यांनी तो दोन्ही हातांनी भोकावर दाबून धरला, कुणी दार दाबून धरतं तसा. पात्यांनी बोट कापलं. रक्ताचा थेंब भोकाकडे ओढला गेला, मध्येच थांबला, आणि परत त्यांच्या मनगटावर आला.

गार हवा तोंडावर आली. ओल्या दगडाचा वास आला. मग आतून एकेक परत येऊ लागलं. कुकरची उरलेली शिट्टी. टिकटिक, आधी गर्दीनं आणि मग रांगेत. त्यांची स्वतःची हाक, "विमल," इतक्या लांबून आली की ती एखाद्या म्हाताऱ्यानं मारली असावी असं वाटलं. मग बराच वेळ काही नाही. सरांचे दंड भरून आले. त्यांनी पंखा सोडला नाही आणि मागं वळूनही बघितलं नाही.

शेवटी मालगाडी आली. दोनदा धडधडली आणि थांबली.

"अहो," मागून विमलबाई म्हणाल्या.

त्या पलंगावर उठून बसल्या होत्या. पाय खाली सोडले होते आणि फरशीवर पाणी साचत होतं. साडीचा काठ घोट्यांपर्यंत भिजला होता. मोठ्या देवळातून बाहेर आलेलं माणूस उन्हात थोडा वेळ डोळे बारीक करून उभं राहतं, तसा त्यांचा चेहरा होता.

"केवढं आहे हो ते," त्या हळू म्हणाल्या. "खाली गेलं तरी खाली आहेच. आणि अजिबात ऊन नाही."

सरांनी पंखा आणखी घट्ट दाबला.

"हाक मारलीत म्हणून फिरले. नाहीतर चालवत होतं मला. पायसुद्धा दुखत नव्हता." त्यांनी सरांच्या हातांकडे, पंख्याकडे बघितलं, आणि त्यांच्या जिभेची धार परत आली. "आता असं धरून किती वेळ बसणार आहात?"

त्या उठल्या, पाय ओढत आल्या, सरांशेजारी खाली टेकल्या. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. त्यांनी ती उघडली. तळहातावर पाणी होतं आणि पाण्यात एक स्क्रू.

"घ्या. तुमचाच ना हा? पाण्यापर्यंत जावं लागलं."

स्क्रू इतका गार होता की बोटाला चटका बसला. काचेकडे न बघता सरांनी तो पंख्याच्या भोकात धरला आणि फिरवला. आटे बरोबर जुळले.